सीताफळावरचा पाहुणा

दिवाळी आटोपली आणि आमच्या अंगणातल्या सीताफळावरचा सरडा झाडावरून खाली उतरायला लागला. साधा सरडा नव्हे. रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, पुस्तकात ज्याला घोयरा म्हणतात तो. आमच्या शहापुरात सगळ्यांना सरसकट सरडाच म्हणतात, आणि त्याने टक लावून पाहिलं की तो लांबूनच रक्त शोषून घेतो, असंही म्हणतात. बाबांना हे काही पटायचं नाही. ते त्याला पाहुणा म्हणायचे.

पाऊस ओसरत आला होता तेव्हाची गोष्ट. बाबा शेतावरून धान पाहून येत होते आणि हा गडी एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा डुलत डुलत हायवे ओलांडत होता. समोरून ट्रक. बाबांनी मोटारसायकल आडवी घातली, ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि याला खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं. आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात त्यांनी कशात म्हणून लक्ष घातलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसणारी बाई नाही.

पिंजरा नव्हता. झाड त्याचं, अंगण आमचं. मी कौतुकाने वाटीत पाणी ठेवलं, तर त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन दिवसांनी बाबांच्याच लक्षात आलं की हा सकाळी पानांवरचं दव चाटतो. झालं, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची माझी बाटली गेली ती गेलीच. रोज सकाळी सीताफळाच्या पानांवर फवारा आणि मग बांधावरून पकडून आणलेले नाकतोडे. पाहुणा आधी एक डोळा वळवायचा, मग दुसरा, आणि दोन्ही डोळे नाकतोड्यावर जमले की जीभ सुटायची.

"आईले कधी चहा करून देल्ला नाही तुम्ही," मी एकदा चिडवलं, "अन् याले हातानं चारता."

"तिनं कधी मांगितला?" बाबा म्हणाले आणि हसले. वर्षभरात पहिल्यांदाच हसले असतील.

आणि आता हा पाहुणा खाली उतरत होता. खाणं सोडलं होतं. नाकतोडा तोंडासमोर धरला तर मान फिरवायचा. हिरवा रंग काळपट पडला होता, अंगावर पिवळे ठिपके उठले होते. दिवसभर अंगणात इकडून तिकडे फेऱ्या मारायचा, मध्येच थांबून पुढच्या पायांनी जमीन खरवडायचा. आमचं अंगण म्हणजे ठोकून बसवलेला मुरूम आणि त्यावर शेणाचं सारवण. तिथे कुदळ लागत नाही, त्याच्या नखांचं काय चालणार. बाबा त्याला उचलून झाडावर ठेवायचे. तो उतरायचा. बाबा पुन्हा ठेवायचे.

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून हे पाहत होत्या. त्यांनी सरळ मनाने सांगितलं, "भाऊजी, आता उचलू नोका त्याले. वेळ झाली त्याची. जनावराले बी समजते, भुई पाहिजे म्हून. तुळशीचं पानी सोडा तोंडात."

बाबा इतके लाल झाले की मला मध्ये पडावं लागलं.

आमच्याकडे माणूस जायला टेकला की त्याला खाटेवरून उचलून सारवलेल्या भुईवर ठेवतात. खाटेवर जीव जाऊ नये, मातीवर जावा, अशी समजूत. आईलाही असंच खाली घेतलं होतं. तिला लकवा झालेला, बोलणं गेलेलं. त्या दुपारी तिचा श्वास बदलला आणि जमलेली माणसं म्हणाली, घ्या खाली. बाबा नको नको म्हणत राहिले, पण चौघांनी उचललीच. थोड्या वेळाने ती गेली. भुईवर घेतली म्हणून गेली, खाटेवर असती तर वाचली असती, हे बाबांच्या मनात तेव्हाच पक्कं झालं. त्या चौघांत काकूंचे यजमानही होते. बाबा त्यानंतर त्या घराची पायरी चढले नव्हते.

तर असा आमचा पाहुणा भुईवर उतरत होता, आणि बाबांना ते पाहवत नव्हतं. शेतात कापणी आलेली, मजूर वाट पाहत बसलेले, आणि हे सीताफळाखाली खुर्ची टाकून पहारा देत होते. मग त्यांनी खताच्या पोत्यातलं प्लास्टिक कापून झाडाच्या बुंध्याला घट्ट गुंडाळलं, म्हणजे नखं रुतू नयेत आणि त्याला उतरताच येऊ नये. त्याने दिवसभर त्या प्लास्टिकच्या वर घिरट्या घातल्या. दुपार कलल्यावर फांदीच्या टोकाला गेला आणि तिथून स्वतःला सोडून दिलं. धप्प आवाज आला. बाबा धावले. तो उठला आणि परत जमीन खरवडू लागला.

तेव्हा मात्र मला राग आला, बाबांचा, काकूंचा, स्वतःचाही. आपण सगळे याच्याबद्दल बोलतोय आणि याला काय हवंय ते कोणालाच माहीत नाही. मी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "मला गाई-म्हशींचं कळतं, याचं फार नाही." पण त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला, कोणा मैत्रिणीला पाठवला, फोनवर बोलल्या, आणि मग मला म्हणाल्या, "हा नाही, ही आहे. पोट पाहा, कसं गोट्या भरल्यासारखं दिसतंय. अंडी आहेत. झाडावर राहणारी असली तरी ती अंडी मातीत पुरते. जागा शोधतेय ती. मऊ, ओली, खोल माती द्या, आणि हात लावू नका. माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतील आणि मरेल बिचारी." मी निघाले तेव्हा त्यांनी आणखी एक बजावलं. "आणि मग सोडून द्या. हा प्राणी घरी ठेवता येत नाही, कायदा आहे."

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते तिला हातात घेऊन बसले होते.

"म्हंजे मीच मारून राहिलो होतो तिले," ते म्हणाले.

मग ते उठले. लोखंडी सब्बल आणून त्यांनी अंगणाचा कोपरा फोडला, मुरूम उपसून बाहेर टाकला, बांधावरची माती आणली, वाळू मिसळली, पाणी शिंपडलं. खड्डा झाला, भरून झाला, आणि तरी ते तिला हातात धरून तसेच उभे राहिले. बाहेरच्याला हसू आलं असतं, एक म्हातारा माणूस हातात सरडा घेऊन जमिनीकडे पाहत उभा. मला हसू आलं नाही. शेवटी ते खाली बसले आणि त्यांनी तिला भुईवर ठेवलं.

आम्ही दाराआड बसून पाहिलं. तिने थोडं खरवडलं, थांबली, पुन्हा खरवडलं, आणि मग जी सुरुवात केली ती थांबलीच नाही. डोकं आत गेलं, धड गेलं, नुसती शेपटी बाहेर राहिली. नंतर ती फिरून उलटी आत शिरली. दुसऱ्या दिवशी ती वर आली तेव्हा चिखलाने माखलेली आणि पोट खपाटीला गेलेली होती. तिने पायांनी माती लोटली, दाबून दाबून बसवली आणि कोणाची वाट न पाहता झाडावर चढली. बाबांनी बुंध्याचं प्लास्टिक आधीच काढून ठेवलं होतं. फवाऱ्याचं पाणी ती किती तरी वेळ पीत राहिली.

ती पुन्हा खायला लागली, हिरवी झाली, तेव्हा आम्ही तिला हायवेपासून दूर, नाल्याकाठच्या बाभळींत सोडायला नेलं. बाबांनी हात फांदीला लावला. ती एक पाऊल पुढे, अर्धं मागे करत फांदीवर गेली आणि पानांत दिसेनाशी झाली. बाबांचा हात तसाच पुढे राहिला होता.

"तुह्या आईनं त्या दिवशी खाटेची कड धरली होती," ते एकदम म्हणाले. "सकाळपासून सरकून राहिली होती खाली. मले वाटे, पडते. मी ओढून ओढून वर घेत होतो. बोलता येत नव्हतं तं डोयानं सांगत होती." त्यांनी हात मागे घेतला. "जिंदगीत एकच गोष्ट मांगितली पोरी तिनं. ते चौघांनी देल्ली, मी नाही देल्ली."