सॅम्पल नावाचं फोल्डर

"हा आवाज तुमचा आहे की लातूरवाल्याचा?"

बंगळुरूच्या म्युझिक लेबलच्या मॅडमनी फोनवर नमस्कारही न करता विचारलं. लेबल म्हणजे गाणी बाजारात आणणारी कंपनी. माझा पहिला ट्रॅक ते रिलीज करणार होते. आता तो थांबला होता, कारण लातूरच्या एका डीजेच्या गाण्यात हुबेहूब माझेच घुंगरू वाजत होते, आणि त्याचं गाणं आधी आलं होतं.

"चोरीचा माल आम्ही काढत नाही. आधी क्लिअर करा, नाहीतर ट्रॅक कॅन्सल."

मी ड्रम अँड बेस नावाचं संगीत बनवतो. नांदेडात हे सांगितलं की लोक विचारतात, लग्नाच्या ऑर्डरी घेता का? यात ड्रम सुसाट पळतात, आणि बेस, म्हणजे छातीत घुमणारा जाड आवाज, त्यांच्या निम्म्या चालीनं सावकाश येतो. बाहेरच्या देशातले लोक यासाठी जुन्या रेकॉर्डवरचे ड्रम कापतात. मीही कापून पाहिले. जमलं, पण ते काही आपलं वाटेना. मी वाढलो जयंतीच्या मिरवणुकीतल्या ढोलावर आणि लोहा गावच्या एसटी स्टँडजवळच्या रसवंतीवर. उसाचा चरक फिरला की त्याला बांधलेले घुंगरू छनछन करतात. ते रेकॉर्ड केले, स्पीड वाढवला, तुकडे करून पुन्हा जोडले. अशा कापलेल्या तुकड्याला आमच्या धंद्यात सॅम्पल म्हणतात.

लातूरवाल्याचं गाणं लावलं. घुंगरांच्या मागं कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "आद्रक."

माझं डोकंच सणकलं. तो रसवंतीवाला होता! माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो चुकून आला होता आणि आवडला म्हणून मी ठेवला होता. आता हा लातूरला कसा पोचला?

संशय घ्यायला माणूस एकच होता. माझा स्टुडिओ म्हणजे फेरोजभाईंच्या साउंड सर्व्हिसच्या दुकानामागची खोली. कॉम्प्युटर दोघांचा. दिवसभर त्यांची बिलं निघतात, नंतर माझं काम चालतं. भाड्याला कधी तगादा नाही, ईदला घरून डबा येतो. पण एकदा मनात पाल चुकचुकली की चांगुलपणाही खुपायला लागतो. भाडं का मागत नसतील? त्याच आठवड्यात दुकानात नवा कूलर आला होता. हा कूलर कशातून आला?

"काय बे, तोंड का पाडून बसलास?" फेरोजभाईंनी विचारलं.

"काही न्हाई. कूलर मस्त हाय."

"हाव ना. लई गार फेकून राहिला."

दुसऱ्या दिवशी एसटीनं लातूर गाठलं. डीजेचं नाव बालाजी. माझं नाव ऐकताच तो उठून उभा राहिला. बसा म्हणायचंही त्याला सुचलं नाही.

"बरं झालं आलात. तुमीच माझं उचललं असं मला वाटून राहिलं होतं. लेबलनं टाकलेली तुमच्या ट्रॅकची झलक ऐकून मीच त्यांना कळवलं."

"मी? अरे, त्या 'आद्रक'ला उत्तर कुणी दिलंय ते ऐक."

मूळ रेकॉर्डिंग मोबाइलवर लावलं. रसवंतीवाला विचारतो, "आद्रक टाकू का?" आणि माझा आवाज येतो, "टाका, पण बर्फ कमी."

बालाजी दोन वेळा ऐकून खाली बसला. "बाप्पो! मग मला ते फुकट कसं दिलं? नांदेडला स्पीकर घ्यायला गेलतो. दुकानवाल्या चाचांनी पेन ड्राइव्ह भरून दिला. म्हणले, सॅम्पल हाय, घेऊन जा."

माणूस सरळ निघाला. तिथंच त्यानं मॅडमना व्हॉइस मेसेज पाठवला की घुंगरू यांचेच. मी मूळ रेकॉर्डिंग पाठवलं.

परत येऊन तडक दुकानात शिरलो. "फेरोजभाई, माझं फोल्डर लातूरवाल्याला तुमी दिलं?"

"दिलं की. त्याच्यावर सॅम्पल लिहिलतं ना?"

"म्हणून वाटून टाकायचं?"

"मग? औषधवाला एमआर डॉक्टरला सॅम्पल देतो. अगरबत्तीवाला सॅम्पल देतो. सॅम्पल कुनी ठेवून घेतंय का? म्हनलं पोराचं नाव होईल, चार गिऱ्हाइकं येतील. बालाजी काय पहिला न्हाई, स्पीकर घेणाऱ्या समद्यांना देऊन राहिलो."

"समद्यांना?"

"हाव. कूलर आणून दिला त्यालाबी."

मी स्टुलावर बसलो. राग तर आला होताच, पण काढू कुणावर? या माणसानं माझी जाहिरात केली होती आणि मी त्याच्या कूलरचा हिशोब लावत होतो. लाज वाटली. त्यांनी कूलरचं तोंड माझ्याकडं फिरवलं.

मॅडमनी ट्रॅक रिलीज केला. "आद्रक ठेवा, तोच बेस्ट आहे," म्हणाल्या. पहिलीच कमेंट आली, 'हे तर लातूरवाल्याचं चोरलंय.' त्याच्यावर बालाजीनं मोठा खुलासा लिहिला. कुणाला पटला नाही.

मी धडा घेतला. घुंगरू, ढोल, सगळं काढून नव्या फोल्डरात टाकलं आणि त्याला नाव दिलं, 'खराब फाइल्स'. म्हटलं, आता कोण हात लावतंय!

परवा फेरोजभाईंनी दुकानातून हाक मारली.

"सिद्धार्थ, कॉम्प्युटर लई स्लो चालून राहिला. त्या खराब फाइल्स उडवल्या बरं का."