मटणवालीची शिफारस

मटणवालीच्या नाकावर माशी बसत नसे, आणि मटणाच्या दुकानात ही काही सोपी गोष्ट नाही. बाई दिवसभर सत्तुराने हाडं तोडायची. कुणी घासाघीस केली की म्हणायची, "परवडत नसेल तर पाला खा."

दुकान बंद असे त्या दुपारी मात्र ती कोपरापर्यंत साबण घासून बाजारावरच्या वाचनालयात जाई. तिथे वाचकांची बैठक भरे. नियम एकच. पुस्तक वाचून झालं की ते का वाचावं हे उभं राहून सांगायचं आणि ज्याचा हात आधी वर येईल त्याला द्यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती.

ती वाचायची फक्त घरादाराची, गेलेल्या माणसांची पुस्तकं. शिफारससुद्धा धमकी दिल्यासारखी. "ह्यात आई मरते. रडला नाहीत तर मला तोंड दाखवू नका." लोक हसायचे, पण पुस्तक न्यायचे.

ती हे का वाचते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ माल उतरवायच्या धक्क्यावर मारला गेला. गाडी आधी कुणाची लावायची एवढ्यावरून बाचाबाची झाली आणि त्याच्याच जिवलग दोस्ताने, एका ट्रक ड्रायव्हरने, त्याच्या डोक्यात पहार घातली. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. आईमागे तिनेच वाढवलेलं पोर ते. जाताना काय बोललं, एवढंच तिला हवं होतं. सांगणारा एकटा तो ड्रायव्हर, आणि त्याने कोर्टातही तोंड उघडलं नाही. मग ती परक्यांची मरणं वाचत बसायची. माणसं जाताना बोलतात तरी काय, ते बघायला.

त्या दिवशी तिने दोन भावांची कादंबरी संपवली होती. "थोरला गुणाचा, धाकटा हलकट, आणि जीव लागतो तो धाकट्यालाच," ती म्हणाली. "भाऊ असेल तर वाचा. नसेल तर वाचाच."

मागच्या रांगेतून हात वर आला. केस पिकलेले, अंगाची पार काडी झालेली. शिक्षा भोगून सुटलेला ड्रायव्हर.

तिने पुस्तक दिलं. दिलं ते थोबाडावर. पुठ्ठ्याचा कोपरा त्याच्या ओठात घुसला. मग तिने खुर्ची उचलली आणि त्याच्या बरगड्यांवर घातली. अहो, रोज अख्खा बोकड आकड्याला टांगणारे हात ते. ग्रंथपालांनी मागून धरलं तर त्यांना तिने कपाटावर भिरकावलं. ड्रायव्हर खाली पडला, तशी ती त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली आणि त्याचा गळा आवळला. कुठे दाबलं की जीव जातो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. त्याने हातसुद्धा वर केला नाही. तोंड काळंनिळं पडलं, टाचा फरशीवर आपटायला लागल्या.

तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, हा मेला की ते शब्दही मेले. त्याचा तिला आणखीच संताप आला. पण तिने हात ढिला केला.

"बोल, मुडद्या. काय म्हणाला तो?"

ड्रायव्हरने रक्ताबरोबर एक दात थुंकला. "तेच सांगायला आलोय, ताई," तो कसाबसा म्हणाला. "माझी कॉलर धरून म्हणाला, पळ. ताईला कळायच्या आत पळ. ती तुला जिवंत ठेवायची नाही."

तिची मूठ परत वर गेली आणि तशीच राहिली. मरता मरता पोराने उरलासुरला दम ह्याला वाचवण्यात घालवला होता, आणि वाचवायचं कुणापासून, तर बहिणीपासून. बाईने असा हंबरडा फोडला की खालच्या बाजारातले लोक जिन्यावर जमा झाले.

बऱ्याच वेळाने तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि काखेत हात घालून त्याला उभं केलं.

"चल दवाखान्यात," ती म्हणाली. "तू मेलास तर त्याचं म्हणणं खरं होईल."