मैत्रेयीचं वजन

पंचफुलाला कुणी विचारलं, बाई, एवढी वर्षं कशाच्या बळावर तगलीस, तर ती देवाचं नाव घेत नाही. देव तिच्या सासऱ्यानं छप्पन साली सोडला तो सोडलाच. ती डॉक्टरचंही नाव घेत नाही. ती भासऱ्याचं नाव घेते. उकंडा, नवऱ्याचा थोरला भाऊ. ते नाव ती अशा चवीनं घेते, की परक्या माणसाला वाटावं, काय उपकार केले असतील बापड्यानं! उपकारच म्हणायचे. त्यानं तिच्या पोटात राग पेटवून दिला आणि तिनं तो विझू दिला नाही.

पंचफुलाचा नवरा इंद्रजित वणीच्या खाणीवरून कोळशाचा ट्रक चालवायचा. दोन हजार पाच साली तो वाळत वाळत गेला. जाताना बायकोला आणि चार वर्षांच्या मैत्रेयीला एचआयव्ही देऊन गेला. राळेगाव तालुक्यातलं ते लहानसं गाव. तिथं अशी बातमी एसटीच्या आधी पोचते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि दुसऱ्याच दिवशी उकंडानं दोन घरांमधलं दार विटा लावून बुजवलं. पोरीचा पेला वेगळा काढला. त्याच्या बापाला गावच्या विहिरीत दोर सोडू देत नव्हते. ते सारं ऐकत वाढलेल्या माणसानं पुतणीचा पेला वेगळा काढावा! पंचफुलाला विटांचं एवढं लागलं नाही, त्या पेल्याचं लागलं.

ती सालं तुम्हाला आठवत असतील. कापसाला भाव नव्हता, पेपरवाले गाड्या घेऊन गावोगाव फिरत होते आणि कुणाच्या घरी कोण मेलं ते विचारत होते. शेत ज्याच्या नावावर, त्याच्या घरी विचारत. वेचणाऱ्या बायांना कुणी काही विचारलं नाही, त्यांच्या पोरांना तर नाहीच.

उकंडा वेचणीचा मुकादम होता. वस्तीतल्या वीस बाया गोळा करायचा आणि किसनसिंगच्या शेतात न्यायचा. किसनसिंग तांड्यावरचा मोठा शेतकरी. संध्याकाळी त्याच्या अंगणातल्या निंबाला उकंडाचा तबकडीचा काटा टांगलेला असायचा. बाया एकेक करून आपलं गाठोडं आकड्याला अडकवायच्या, उकंडा वजन ओरडून सांगायचा आणि तेवढ्या किलोची मजुरी मिळायची. तबकडीच्या वरच्या बाजूला तो कायम एक चिंधी गुंडाळून ठेवायचा. हाताला लोखंड लागतं म्हणे.

पंचफुलालाही तिथंच जावं लागे. पोट काही भांडण मानत नाही. दोन हजार सहाच्या वेचणीत एका संध्याकाळी मैत्रेयी मायच्या रिकाम्या फडक्यात बसून खेळत होती. उकंडाच्या अंगात काय आलं कोण जाणे, त्यानं फडक्याची चार टोकं धरली आणि पोरीसकट ते काट्याला अडकवलं.

"नऊ!" तो ओरडला. "पाच वर्साची पोट्टी आन नऊ किलो! माह्या बायांचं गाठोडं याच्याहून जड भरते. पंचफुले, लिहून घे, पुढच्या वेचणीले हे काट्यावर चढत नाई."

दोघीतिघी हसल्या. ज्या हसल्या त्यांची नावं पंचफुलाला आजही पाठ आहेत. तिनं लेकीला काढून घेतलं, फडकं झटकलं आणि त्याच्या डोळ्यात पाहून म्हणाली, "चढन. आन तुमच्याच तोंडून वजन आयकीन, भाऊजी."

दीड महिन्यानं तिनं यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पोरीचं औषध सुरू केलं. लहान पोरांची ही औषधं तेव्हा नुकतीच येऊ लागली होती. तिथल्या विमलताई पोरांच्या मायांना समजावून सांगायच्या. त्यांनी मैत्रेयीला वजनावर उभं केलं. अकरा भरली. पंचफुलाला वाटलं, दीड महिना उसनंपासनं करून दूध पाजलं ते अंगी लागलं.

"पहिले सहा महिने लय जपा," विमलताई म्हणाल्या. "जे पोरं जातात ते याच दिवसांत जातात. औषध सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला. आणि वजनावर डोळा ठेवा. वजन वाढलं तर औषध लागू पडलं समजा. झपकन उतरलं तर एक दिवस थांबू नका."

त्या बाकावर तेव्हा मैत्रेयीसारखी सात पोरं बसत. वर्षानं चार उरली. गेलेल्या तिघांच्या माया पुन्हा दिसल्या नाहीत आणि त्यांचं काय झालं हे पंचफुलानं विचारलं नाही. ती घरी येऊन औषधाचं झाकण उघडायची. एक माप पोरीच्या घशात, एक लाथ उकंडाच्या छातीवर, असं मनात म्हणत ती ते पाजायची. कडू औषधाला पोरगी तोंड वेंगाडायची, ओकायची. पंचफुला पुन्हा पाजायची. इतर आया माया लावून पाजत असतील. हिनं सूड म्हणून पाजलं, आणि औषधाला त्यानं काही फरक पडला नाही.

पुढच्या वर्षी सीतादही झालं. पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवतात, ती पूजा किसनसिंगच्या घरच्यांनी केली. त्या संध्याकाळी पंचफुला कापसाच्या गाठोड्याआधी लेक घेऊन रांगेत उभी राहिली. फडकं बांधलं, आकड्याला अडकवलं.

"सांगा, भाऊजी."

उकंडानं तोंड फिरवलं. मागून किसनसिंग म्हणाला, "अरे सांग न, उशीर होऊन राह्यला."

"बारा," उकंडा पुटपुटला.

"मोठ्यानं."

"बारा!"

पंचफुला त्या रात्री पोटभर जेवली. मग हे दर सालचंच झालं. चौदा. सोळा. पोरगी शाळेत जाऊ लागली, तिला लाज वाटू लागली. "मी का कापूस हाओ, माय?" ती रडायची. पंचफुलाला ते कळत नव्हतं असं नाही. पण उकंडाच्या तोंडून तो आकडा ऐकला नाही, तर तिचं वर्ष सरत नव्हतं. लेकीची लाज तिनं त्यापायी खुशाल खर्ची घातली. त्याबद्दल तिला चांगलं म्हणता येणार नाही आणि मी म्हणतही नाही.

दोन हजार दहाला दवाखान्याची तारीख वेचणीच्या तोंडावर आली. विमलताईंनी पोरीच्या हिरव्या पुस्तकात वजन लिहिता लिहिता आकडाही सांगितला, एकवीस. तिसऱ्या दिवशी सीतादही. मैत्रेयी फडक्यात बसली आणि उकंडा ओरडला, "एकोणीस!"

पंचफुलानं मनात हिशेब केला. तीन दिवसांत दोन किलो! झपकन उतरलं तर एक दिवस थांबू नका. औषध फसलं, तिला वाटलं, पोरगी हातची चालली. आणि ते सांगायला या मेल्याचंच तोंड मिळालं! रात्रभर ती लेकीच्या फासळ्या चाचपत बसली. सकाळच्या पहिल्या एसटीनं तिला घेऊन यवतमाळला गेली.

विमलताईंनी मैत्रेयीला काट्यावर उभं केलं. एकवीस. चप्पल काढून पुन्हा उभं केलं. एकवीसच.

"पोरगी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमचाच काटा खोटा दिसतो, पंचफुलाबाई."

तुम्ही म्हणाल, एवढं साधं तिला आधी कसं कळलं नाही? ज्या काट्यावर रोजची भाकर ठरते, त्याच्यावर संशय घ्यायचं माणसाला सुचत नाही. दवाखान्याच्या तारखा आजवर वेचणीपासून लांब पडत आणि विमलताई एरवी नुसतं 'वाढलं' एवढंच सांगत, म्हणून दोन वजनं शेजारी आलीच नव्हती. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि बोटांवर मोजू लागली. नऊचे अकरा. दीड महिन्याचं दूध नव्हतं ते! दर गाठोड्यामागं दोन किलो. वीस बाया. रोज संध्याकाळी. कळंब येईपर्यंत तिची भीती पार उतरली होती आणि ती चक्क हसत होती. "काय झालं, माय?" लेकीनं विचारलं. "काई नाई. तुह्या मोठेबाबाले आज जड जाईन," ती म्हणाली.

संध्याकाळी अंगणात सगळ्या बाया जमल्या. पंचफुलानं पुन्हा लेकीला टांगलं.

"कालच झालं न तुहं!" उकंडा खेकसला.

"आज पुन्हा. सांगा."

"एकोणीस."

"इंदुताई, तुले वाचता येते. हे वाच." तिनं शेजारच्या इंदुताईच्या हातात हिरवं पुस्तक दिलं. इंदुताईनं आजची तारीख वाचली आणि पुढचा आकडा वाचला, एकवीस. पंचफुलानं लेकीला खाली घेतलं आणि कोठ्यातल्या किसनसिंगच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. बाजाराला नेण्याआधी सगळा कापूस त्याच काट्यावर मोजला जायचा. तिथंही एकवीस.

मग तिनं उकंडाच्या काट्याची चिंधी ओढून काढली, तसं तिच्याखाली झाकलेलं शून्य उघडं पडलं. आकड्याला काहीच नव्हतं, तरी सुई शून्याच्या मागं दोन घरं उभी होती.

बाया आपापल्या मनात सालं मोजत होत्या. किसनसिंग उकंडाला मजुरी द्यायचा ती मोठ्या काट्याप्रमाणं, म्हणजे मधले दोन किलो कुठं जात होते ते उघडच होतं. किसनसिंगचं स्वतःचं काहीच गेलं नव्हतं, त्यामुळे त्याला न्याय करणं सोपं गेलं. "आजपासून तू मुकादम नाई," तो म्हणाला. "काटा बायाच पाहतील." पूर्वी ज्या हसल्या होत्या, त्यांनीच उकंडाला सगळ्यांत घाण शिव्या दिल्या.

"पंचफुले, घरची गोष्ट घरात सांगाची होती," उकंडा म्हणाला.

"दार तुमीच बुजवलं, भाऊजी. कोनत्या दारानं येऊ?"

उकंडा तेव्हापासून बायांच्या रांगेत गाठोडं घेऊन उभा राहतो. नवा काटा इंदुताई वाचते. पण सालातून एक वजन तिनं वाचायचं नाही, असं पंचफुलानं तिला सांगून ठेवलं. सीतादहीच्या दिवशी मैत्रेयीचं वजन उकंडानंच सांगायचं. किसनसिंगनं हात झटकले, बायांनी होकार दिला, आणि मजुरी हवी म्हणून उकंडानंही मान खाली घातली.

दोन हजार चौदाची वेचणी. मैत्रेयी आठवीत होती. आता ती फडक्यात बसत नव्हती, आकड्याला हातांनी लोंबकळायची आणि पाय वर घ्यायची. उकंडा काट्यासमोर आला, डोळे बारीक केले, मान पुढं नेली. त्याला खोकल्याची उबळ आली आणि काखेतलं गाठोडं खाली पडलं.

"मले सुई दिसत नाई," तो म्हणाला. "मोतीबिंदू हाये."

मैत्रेयीला त्याची कीव आली. लोंबकळतच ती हळू म्हणाली, "अडतीस हाये, मोठेबाबा."

"तुहं नाई," पंचफुला म्हणाली. "त्याइच्या तोंडून येऊ दे."

"अडतीस," उकंडा म्हणाला.

"मोठ्यानं."

"अडतीस!"

मैत्रेयी धपकन खाली उतरली आणि तळहात चोळत निघून गेली. पंचफुला उकंडाच्या जवळ गेली, त्याचं पडलेलं गाठोडं उचलून त्याच्या हातात दिलं.

"डोळे दाखवून घ्या, भाऊजी," ती म्हणाली. "खोकल्याचंही औषध घ्या. लय वर्सं जगा तुमी. पुढच्या वेचणीले मले तुमीच पाह्यजे."