रुपयात तेवढेच

“मोबाईल काढ. कॅल्क्युलेटर उघड. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच.”

सर मला म्हणाले. मीटिंग रूममध्ये सगळा स्टाफ बसलेला. प्रत्येकासमोर एक कागद पालथा ठेवलेला. उभी फक्त मी.

“तुझा पगार किती?”

पगार असा चारचौघांत कोणी विचारत नाही. मी म्हटलं, “सर, तुम्हाला माहीत आहे.”

“सगळ्यांना कळू दे ना. लाजायचं काय त्यात?”

“सहा हजार दिरहम.”

“दोन वर्षांपूर्वीच्या रेटने रुपयात किती होतात?”

मी बटणं दाबली. एक लाख पस्तीस हजार आणि वर काही. वाचलं.

“आता साडेपाच हजार टाक. आजचा रेट लाव.”

लावला. एक लाख चौतीस हजार. तेही वाचलं.

सरांनी टाळी वाजवली. “बघा! पाचशे दिरहम कमी केले तरी रुपयात तेवढेच. मग कट कुठंय? कट नाहीच. आणि हिला तर सवय आहे काटकसरीची. ही लोकं बरोबर भागवतात. हो की नाही गं?”

कोणीतरी हसलं. मग मीही हसले. हसायचं नव्हतं. तोंड आपोआप पसरलं. मालकासमोर आमच्या घरच्यांचं तोंड तसंच पसरतं, माझ्या बापाचंही पसरायचं.

मी सोलापूरची. बाप टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. आता त्याच कामावर माझा भाऊ आहे. मी एम.कॉम. झाले, पुण्यात नोकरी केली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर दुबईला आले. तिथल्या देरा भागात एका ट्रेडिंग कंपनीत लागले. कंपनीचा धंदा टॉवेल, चादरी, बेडशीट. माल भारतातून यायचा, रास अल खोरच्या गोदामात उतरायचा, तिथून अमेरिकेतल्या हॉटेलांना जायचा. म्हणजे भाऊ विणायचा आणि मी त्याची बिलं बनवायची. सुरुवातीला याचं मला फार कौतुक होतं.

इंटरव्ह्यूला सरांनी आडनाव दोनदा विचारलं होतं. मग म्हणाले, “सोलापूर म्हणजे नक्की कुठे?” मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांना पाहिजे ते कळलं होतं. “छान, छान. आमच्याकडे आम्ही सगळ्यांना संधी देतो.” ऑफिसात बाकीच्यांना ते अहो-जाहो करायचे. माझ्यानंतर लागलेल्या पोरांनाही. मला पहिल्या दिवसापासून अगं.

तिकडे अमेरिकेत निवडणूक झाली आणि नवा राष्ट्राध्यक्ष आला, तेव्हा सरांनी करामातल्या मिठाईच्या दुकानातून काजूकतली मागवली होती. “बिझनेसवाला माणूस आहे. आता आपले दिवस.” मीही खाल्ली. माझं त्या माणसाशी काय देणं-घेणं होतं?

मग त्याने भारताच्या मालावर कर लावला. काही महिन्यांनी आणखी लावला. अमेरिकेतल्या हॉटेलवाल्यांचे मेल येऊ लागले. होल्ड. होल्ड. कॅन्सल. गोदामात गठ्ठे छताला लागले. सर रोज सकाळी टीव्ही लावून बसायचे. “आज काहीतरी बोलेल. कमी करेल. इन्शाल्ला.” तो बोलायचा रोज. कमी काही करत नव्हता.

सोलापुरात कारखान्याने आधी एक पाळी बंद केली, मग दुसरी. भावाच्या हाताला आठवड्यातले दोन-तीन दिवस काम. त्याचा फोन यायचा. पैसे मागायचा नाही. नुसतं म्हणायचा, “तुमच्याकडं कसं आहे गं?” मी समजायचे. रुपया घसरत होता, त्यामुळे इथून पाठवलं की तिकडे थोडे जास्त पडायचे, ते खरं. ते जास्तीचे सगळे दादाच्या घरी. आणि शिवाय माझ्यातले. तेलाला, दुधाला, वहिनीच्या औषधाला.

इकडे घरमालकाने भाडं वाढवलं. दिरहममध्ये. रेवाची शाळा दिरहममध्ये. भाजी, बस, नवऱ्याच्या दाताचं दुखणं, सगळं दिरहममध्ये. देरातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही दोन कुटुंबं राहतो. हॉल त्यांचा, बेडरूम आमची. किचनच्या वेळा वाटून घेतलेल्या. सरांच्या मते मी मात्र रुपयात जगत होते. बारा तास काम दुबईत आणि जेवण सोलापुरात.

सरांची मुलगी अमेरिकेत शिकते. तिची फी डॉलरमध्ये. दिरहम डॉलरला बांधलेला, त्यामुळे त्यांना झळ नाही. सोनं वर गेलं तेव्हा बाई, म्हणजे त्यांच्या मिसेस, ऑफिसात येऊन सांगून गेल्या होत्या, “बरं झालं बाई, आम्ही आधीच घेऊन ठेवलं.” त्यांचा हिशोब रुपयात करून दाखव, असं मला कोणी कधी म्हटलं नाही.

त्या मीटिंगच्या संध्याकाळी मी घरी आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. रेवा शेजारी गृहपाठ करत होती. अकरा वर्षांची. मराठी कळतं, बोलते इंग्रजीत. तिने मान वर केली.

“मम्मा, व्हाय डिड यू रीड इट आउट?”

“अगं, बॉस आहेत ते.”

“सो? यू कुड हॅव जस्ट स्टॉप्ड.”

नवरा म्हणाला, “तुला नाही कळायचं बाळा. व्हिसा असतो.”

तिने पुन्हा वहीत मान घातली. मी कांदा चिरायला घेतला. पण तिचा प्रश्न काही गेला नाही. वाचलंस कशाला? मला कोणी मारणार नव्हतं. माझ्या बापाला तरी मुकादम मारायचा.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. खूप गोड बोलत होते.

“काल मस्त समजावलंस तू. आता एक काम कर. गोदामावर जा. त्या लोकांच्या नव्या पगाराच्या कागदांवर सह्या घेऊन ये. कालचंच सांगायचं, कॅल्क्युलेटर घेऊन. तुझं ते ऐकतील. तू त्यांच्यातलीच वाटतेस.”

“आणि कोणी सही नाही केली तर?”

“तर तिकीट काढून देतो म्हणावं. घरी बस. यल्ला, चल, गाडी खाली उभी आहे.”

इथे कामगाराच्या सहीशिवाय पगार कमी करता येत नाही. म्हणून तर एवढी धडपड. माझा स्वतःचा कागद अजून पर्समध्येच होता. घडी करून. सही करायचीच होती, नुसती टाळत होते.

रास अल खोरला पोचले तेव्हा दुपार होती. गोदामात पंखे होते, वारा नव्हता. लोक गठ्ठ्यांवर बसून जेवत होते. बिहारचे, तेलंगणाचे, दोन पेशावरकडचे. सगळ्यांत जुना करीमभाई, आझमगढचा. मी कधी माल मोजायला गेले की माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवणारा. त्या दिवशीही पुसली. मी बसले नाही.

कागद वाटले. हिंदीत सुरुवात केली. “देखो, रुपये का रेट बढ़ गया है। अमेरिका के प्रेसिडेंट की वजह से धंदा बंद पड़ा है, तो सर बोल रहे हैं...” मोबाईल हातात होता. कॅल्क्युलेटर उघडलेला. मी एकाला म्हटलं, “आपकी सॅलरी कितनी है?”

तो पोरगेला माणूस उभा राहिला. घास हातातच. आणि हसला.

तसंच हसला. अगदी तसंच. ओठ ताणून, डोळे खाली.

पुढचं वाक्य पाठ होतं, येईना. सगळे माझ्याकडे बघत होते. मग करीमभाईने विचारलं. रागाने नाही, साधेपणाने, माणूस वाट विचारतो तसं.

“मॅडम, आपने साइन किया?”

मी विचार केला नव्हता. खरंच नव्हता. शब्द आधी आले.

“नहीं किया।” आणि मग, “नहीं करूँगी।”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. करीमभाईने कागद गठ्ठ्यावर ठेवला, आणि उरलेली रोटी खाल्ली. मी खाली बसले. मग मी त्यांना सांगितलं ते असं: सही तुमची आहे. सहीशिवाय पगार कापता येत नाही. सरांनी तुम्हाला तिकिटाची धमकी द्यायला मला पाठवलंय. ज्याला सही करायची त्याने करा, घरचं ज्याचं त्याला माहीत. पण माझ्या सांगण्यावरून कोणी करू नका.

चौघांनी तिथेच सही केली. त्यांना कोण बोलणार? एकाची बहीण लग्नाची होती. बाकीच्यांनी केली नाही.

मी ऑफिसला पोचायच्या आधी सरांना कळलं होतं.

“मला तोंडावर पाडलंस तू,” ते म्हणाले. “मी तुला कुठून कुठे आणलं!”

“सर, दुबईला मी तिकीट काढून आले. माझ्या नवऱ्याने काढलेलं.”

“अमेरिकेचा प्रेसिडेंट काय माझा मेव्हणा आहे? कर मी लावलाय? धंदाच नाही तर देऊ कुठून?”

“धंदा नाही तर नाही म्हणा, सर. सगळ्यांना बसवून सांगा. तुमचंही किती कमी करताय ते सांगा. आम्ही ऐकलं असतं.”

“तू मला शिकवणार?”

“नाही. मी फक्त सही करणार नाही.”

“खलास,” ते म्हणाले. पहिल्यांदाच मला म्हणाले, “तुम्ही या आता.”

नोटीस मिळाली. गोदामात मात्र पगार कापलाच. सही केली त्यांचा आणि नाही केली त्यांचाही. करीमभाई आणि सहा जणांनी लेबर ऑफिसात तक्रार टाकली. अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरवर मीच त्यांच्याबरोबर बसले. मग त्यांनी विचारलं, सुनावणीला येऊन सांगाल का, की मालकाने काय निरोप देऊन पाठवलं होतं? मी हो म्हटलं.

काल सरांचा फोन आला. आवाज पुन्हा गोड. नोटिशीचा पगार, राहिलेलं सगळं, वर एक चांगलं पत्र देतो म्हणाले. अबू धाबीला अल रीम बेटावर त्यांचा एक मित्र राहतो, त्याच्या कंपनीत अकाउंट्सला जागा आहे, ते शब्द टाकतील. “फक्त त्या भानगडीत पडू नका. ती लोकं तुमची कोण लागतात?”

मी फोन ठेवला.

नवरा म्हणाला, “घेऊन टाक. आपलं आधी बघ.” त्याचं चूक नाही. नवी नोकरी नाही मिळाली तर माझा व्हिसा त्याच्या पगारावर घ्यावा लागेल, आणि त्याच्या कंपनीतही कुजबूज सुरू आहे. रेवाची पुढच्या टर्मची फी भरायची आहे. दादाच्या हाताला अजून पुरतं काम नाही. मी नवऱ्याला म्हटलं, घेणार नाही. तो उठून बाल्कनीत गेला. कालपासून बोललेला नाही. समजूत काढायची ताकद माझ्यात नाही. फार दमलेय मी.

त्या राष्ट्राध्यक्षाचा राग करून झाला. टीव्हीवर दिसतो अजून, बोट नाचवत. त्याने लावलेला कर सोलापुरापर्यंत पोचला, माझ्या ताटापर्यंत पोचला. तो उद्या जाईल, दुसरा येईल, तोही काही लावेल नाही तर काढेल. त्याला मी दिसणार नाही, आणि मला त्याच्यापर्यंत पोचता येणार नाही. पण मला उभं करून वाचायला त्याने लावलं नव्हतं. ते देरात झालं, मराठीतून झालं, माझ्याच गावाकडच्या भाषेत. तिथपर्यंत मी पोचू शकते. मेट्रोने.

सोमवारी सुनावणी आहे. मी जाणार. सर समोर बसलेले असतील. त्यांच्याकडे बघून सांगणार, काय म्हणाले, कुठे म्हणाले, कोणाला म्हणाले. एक शब्द गाळणार नाही, एक घालणार नाही. अधिकाऱ्याला पटलं तर पटलं. त्या सात जणांचे पैसे मिळतील न मिळतील. मला सोलापूरला परत जावं लागलं, तरी जाईन.

पण सांगून जाईन.