घड्याळजींचं उत्तर

गल्लीतल्या निम्म्या दुकानांच्या वेबसाइट आणि मेल थोरली घरबसल्या सांभाळायची. वडील घड्याळजी, जिभेने तिखट. त्यांच्या मेलवर आपोआप जाणारं उत्तर तिनेच लावून दिलं होतं. शब्द मात्र त्यांचे: "मिळालं. डोकं खाऊ नका. झालं की कळवतो."

ते गेल्यावर तिने मन घट्ट करून कंट्रोल पॅनलमधून त्यांचा मेलबॉक्स काढून टाकला. पण त्या मेल्या पॅनलची खोड अशी, की मेलबॉक्स गेला तरी उत्तर दुसऱ्याच पानावर तसंच चालू राहतं. पुढे कधीतरी आवराआवर करताना ते तिच्या नजरेस पडलं. आपल्याकडूनच राहून गेलं, असं म्हणत तिने तेही पुसलं.

दुसऱ्या दिवशी आई मोबाइल घेऊन दारात उभी. "अगं, ह्यांचं उत्तर नाही आलं आज."

थोरलीच्या आत्ता लक्षात आलं. म्हणजे आई रोज त्यांना लिहीत होती.

"सर्व्हर बंद असेल, येईल थोड्या वेळाने," म्हणून तिने आईची समजूत काढली आणि उत्तर पुन्हा लावायला बसली. पण आईला 'डोकं खाऊ नका' लिहायला तिचा हात धजेना. तिने लिहिलं, "तुमचा मेल मिळाला. काळजी करू नका. लवकरच कळवतो."

संध्याकाळी आईने मोबाइल पालथा ठेवला.

"आलं उत्तर," ती म्हणाली. "किती गोड बोलले. उभ्या जन्मात असं बोलले नव्हते."

थोरलीने लगेच उठून जुने शब्द परत घातले. आईने मात्र पुन्हा कधी लिहिलं नाही.