लेओकादियाची दृष्ट

इंतिबुकाच्या डोंगरात लोक लेओकादिया बेहारानोच्या चुलीपाशी काडेपेटीतून ढेकूण आणून देत. मातीच्या भिंतीत राहणारे, लांब चोचीचे, झोपेत माणसाचं रक्त पिणारे. ते ओळखून तपासणीला पाठवायच्या कामावर दवाखान्यानं तिला बिनपगारी नेमलं होतं. पेटीतून झुरळ निघालं की ती म्हणे, "याला परत ने बाबा, हा तुझ्या घरचा जावई आहे!"

पण हे काम तिनं हौसेनं घेतलं नव्हतं. तिचा नवरा इलारियो पंचेचाळिशीत लाकडाची मोळी वाहताना कोसळला, तो उठलाच नाही. ढेकणाच्या आजारानं त्याचं काळीज वर्षानुवर्षं आतून पोखरलं होतं आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून तिनं लक्षणं पाठ केली होती.

एका सकाळी शेजारीण तोमासा दोन वर्षांच्या नातीला घेऊन आली. मारिसेलच्या मनगटाला दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला लाल दोरा, अंगात ताप आणि एकच डोळा जांभळा, सुजून बंद. लेओकादियानं पापणी हलकेच दाबली, तर पोर खुदकन हसली. न दुखणारी सूज म्हणजे ढेकणाच्या आजाराची पहिली खूण. रांजणवाडी असती तर पोरीनं घर डोक्यावर घेतलं असतं.

"तोमासा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. रक्त तपासू दे. आत्ता गोळ्यांनी बरं होतं. उशीर झाला तर माझ्या इलारियोसारखं होईल गं."

"काही नको! दृष्ट लागलीय. ज्याची लागली त्यानं कडेवर घेतलं की उतरेल. सुई टोचून कोणाची दृष्ट उतरलीय?"

"लागली कोणाची?"

"तेच तर कळत नाही ना!"

लेओकादियानं क्षणभर विचार केला. "माझी लागली. परवा ओढ्यावर पोरीला बघून म्हटलं, काय गोड आहे!" ती ओढ्यावर गेलीच नव्हती.

"मला वाटलंच होतं, मेले! घे, घे कडेवर!"

"घेते. पण माझी दृष्ट पडली जड. दवाखान्यापर्यंत चालल्याशिवाय उतरायची नाही."

दोन तासांची चढण. पोर कडेवर, मागून तोमासाच्या शिव्या. रक्तात जंतू सापडले. साठ दिवस गोळ्या होत्या. लेओकादिया रोज तोमासाच्या घरी जाऊन गोळी भरवी आणि पोरीला थोडा वेळ कडेवर घेई. पुढच्या वर्षी रक्त स्वच्छ निघालं, त्या दिवशी ती दवाखान्यातच रडली.

लेओकादियाची दृष्ट फार जड, असा तोमासानं गावभर डांगोरा पिटला. आता लेओकादिया रस्त्यानं निघाली की आया पोरांची तोंडं झाकतात. तिला रागही येतो, हसूही येतं. पण कोणाच्या पोराचा एक डोळा सुजला की तीच आई धापा टाकत तिच्या दारी येते.

"लेओबाई, माझ्या पोरालाही तुमचीच लागली ना हो?"

"लागली बाई, लागली," म्हणत ती चपला चढवते.