दोन वर्षांचं शिळं पाणी

"पाणी काय सांगता, ता बघूया," असं म्हणत काका रोज सकाळी बॉयलरच्या तळाची तोटी किंचित सोडत, काचेच्या ग्लासात चार घोट पाणी घेत आणि खिडकीच्या उजेडात धरत. मग दोन बोटं बुडवून चोळत, वास घेत. मुलगी बघायला आलेली माणसंही इतकं निरखून बघत नसतील.

मुलुंडच्या आमच्या कारखान्यात मलम बनायचं. ते गोठू नये म्हणून कढयांभोवती नळांतून गरम पाणी फिरायचं आणि परत बॉयलरमध्ये यायचं. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. बॉयलर सांभाळणाऱ्या या मालवणी गृहस्थांना सगळे नुसतं काका म्हणत. मी त्यांचा साहेब. वय एकवीस, डिप्लोमा ताजा, मिशी त्याहून ताजी.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या ग्लासात डोकावलो. पाणी कोऱ्या चहासारखं.

"शी! काका, कधीचं पाणी हे?"

"दोन वर्सां झाली."

आता तुम्हीही माझ्यासारख्याच घरात वाढला असाल. आमच्याकडे पहाटे नळ आला की आई कालचं पाणी शिळं म्हणून तुळशीला घालायची आणि हंडा घासून ताजं भरायची. दोन वर्षांचं शिळं पाणी म्हटल्यावर माझ्या अंगावर काटाच आला. शिकलेलं सगळं बाजूला राहिलं आणि आईचा बाळ पुढे सरसावला. दर शनिवारी सगळं पाणी सोडून ताजं भरायचं, असं फर्मान मी तोंडीच काढलं.

"सायबानू, ताजा पाणी लोखंडाक खाता," काका म्हणाले. "ह्या मुरलेला आसा, गंज धरू नये म्हणान औषध घातलेला आसा, रंग तेचोच. तळाचो गाळ तेवढो काढूचो, बाकी हात लावूचो नाय."

"काका, इंजिनियर कोण?"

"तुम्ही," ते म्हणाले, आणि शनिवारी त्यांनी तोटी सोडली.

सुरुवातीला पाणी झकास नितळ निघालं. मी कॉलर ताठ करून फिरलो. मग काही महिन्यांत ते तांबूस झालं. काका ग्लास माझ्यापुढे धरत आणि मला नेमकं तेव्हाच घड्याळ बघायचं असे.

एका सकाळी दोन कढया थंड पडल्या, मलमाचा दगड झाला आणि एका नळातून बारीक पिचकारी उडाली. नळ कापला तर आत लाल चिखल. पार वाट लागली होती.

शेठ धावत आले. "पाणी कोण बघतं?"

"मी," काका पुढे झाले. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

"उद्यापासून येऊ नका."

माझं एक वाक्य पुरलं असतं. पण साहेब खाली मान घालून आपल्या बुटांच्या नाड्या तपासत उभे होते. नाड्या अगदी व्यवस्थित बांधलेल्या होत्या. काकांनी ग्लास धुतला, खिडकीत पालथा घातला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने हंड्यातलं शिळं पाणी तुळशीला घातलं आणि मी चहा तसाच ठेवून उठलो. लाज वाटली, सरळच सांगतो. कारखान्यात जाऊन शेठना सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझा यथेच्छ उद्धार केला आणि शेवटी म्हणाले, "आता उभा काय राहिलायस? जा, घेऊन ये त्यांना!"

भांडुपला काकांच्या दारात मी कसाबसा म्हणालो, "काका, चूक माझी होती. माझं नाव का नाही घेतलंत?"

"नव्या लोखंडाक गंज लवकर चढता, सायबानू. वेळेवर खरवडलो काय झाला." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या.

पुढचे चार महिने साहेब शागीर्द झाले. औषध किती घालायचं, गाळ कधी काढायचा आणि मुख्य म्हणजे हात कधी लावायचा नाही, ते मी शिकलो. शेवटच्या दिवशी काकांनी ग्लास भरून माझ्याच हातात दिला.

"बोला, पाणी काय सांगता?"

मी उजेडात धरलं, चोळलं, वास घेतला. "काहीच सांगत नाही, काका."

"मगे बरा आसा," ते हसले. दुसऱ्या दिवशी ते गावी गेले, ते कायमचे.

त्या सकाळी मी एकट्यानेच ग्लास उजेडात धरला. पाणी गप्प होतं, म्हणजे सगळं ठीक होतं. आणि मला इतकं रडू फुटलं, की साहेबांना बॉयलरखोलीची कडी आतून लावून घ्यावी लागली.